काठावरची मात्रा

डॉक्टर नाझनीन मुजावरांनी भिंतीवरच्या पडद्यावर उपचारांचा आराखडा उघडला तेव्हा वीरेश आवटी चष्मा लावून खुर्चीत पुढे सरकून बसला. त्याची बायको उज्ज्वला खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मिरजेतल्या त्या उपचार केंद्राच्या आवारात बॅटरीवरच्या रिक्षा चार्जिंगला लावून ठेवल्या होत्या, एवढंच.

"एकूण सहा सलाईन," डॉक्टर सांगू लागल्या. "आठवड्यातून दोनदा. उपाशीपोटी यायचं, बरोबर घरचं माणूस हवंच. हाताला सुई, डोक्यावर टोपी, आणि पाऊण तास आरामखुर्चीत पडून राहायचं. सहा झाली की थांबून बघू. गुण आला तर अंतर वाढवत न्यायचं आणि सावकाश बंद करायचं."

"आणि नाही आला तर?" वीरेशने विचारलं.

"तर आराखडा बदलू. पण येईल असं वाटतंय मला."

"परवासारखंच असेल का ते?" उज्ज्वलाने एकदम विचारलं.

वीरेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने आपणहून कुणाला काही विचारल्याला किती काळ लोटला होता, ते त्याला आठवेना.

"नाही उज्ज्वलाताई. परवाची ओळखीची मात्रा होती, ती एकदाच. आता तुम्ही पूर्ण जाग्या असाल. आमचं बोलणं ऐकू येईल. काहीही दिसणार नाही."

उज्ज्वलाने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तिला हायसं वाटलं असणार, असं वीरेशला वाटलं.

उज्ज्वला एके काळी कन्याशाळेत भूगोल शिकवायची. चुकीचं काही कानावर पडलं की तिला राहवत नसे. वर्गातली मुलगी असो, भाजीवाली असो की लग्नघरातला वडीलधारा पाहुणा असो, बाई तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. मग शिवांजली गेली. एकुलती एक मुलगी. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. डेंग्यूचा ताप आला. दवाखान्याच्या पायऱ्या ती स्वतः चढून गेली आणि खाली मात्र तिला उचलून आणावं लागलं.

पहिलं वर्षभर उज्ज्वला रडत होती. मग रडणं थांबलं आणि लोक म्हणाले, सावरली बिचारी. ही सावरलेली नाही, हे वीरेशला ठाऊक होतं. रडण्याबरोबर बाकीचंही एकेक थांबत गेलं होतं. शाळा सुटली. आमटीत मीठ नसलं तरी ती तशीच जेवायची. शिवांजलीचं नाव निघालं तर परक्याच्या वरातीकडे बघावं तशी बघायची. त्या बघण्याची वीरेशला भीती वाटू लागली आणि त्याने मुलीचं नाव काढणंच सोडून दिलं. शेतातले पंप आता आपला बिघाड आपणच फोनवर कळवत, तरी त्यांच्या मोटारी जळायच्या त्या जळतच. वीरेश दिवसभर दुकानात बसून तांब्याच्या तारा गुंडाळायचा आणि संध्याकाळी त्या मुक्या घरात परत यायचा. निरनिराळ्या गोळ्या घेऊन झाल्या. कशाचाच उपयोग झाला नाही, तेव्हा तो तिला इथे घेऊन आला.

केटामाइन हे औषध काही नवं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला ते कितीतरी वर्षं वापरात होतं. थोड्या मात्रेत दिलं तर गोळ्यांना दाद न देणारं नैराश्य ते काही तासांत हलवतं, हेही जुनंच ज्ञान. दीर्घकाळच्या नैराश्यात मेंदूच्या पेशींना जोडणारे बारीक फाटे वाळून झडत जातात. हे औषध त्यांना पुन्हा पालवी फोडतं. नंतरचे काही दिवस मेंदू भिजलेल्या मातीसारखा मऊ असतो आणि तेवढ्यात नव्या जोडण्या मूळ धरतात. अडचण एवढीच होती की औषध चालू असताना माणूस आपल्या देहातून सुटल्यासारखा होई. त्याला नाना गोष्टी दिसत. ते दिसणं हाच उपचार, की उपचाराला चिकटून आलेला उपद्रव, यावर जगभर वाद चालला होता.

तो वाद मेंदूच्या मागच्या भागातल्या एका संथ लयीमुळे मिटला. माणूस स्वप्नात घसरू लागला की ती लय उठते, असं दिसून आलं. मग ती लय क्षणाक्षणाला मोजणारी टोपी तयार झाली आणि ती सलाईनच्या पंपाला जोडली गेली. लय उठू लागली की पंप औषध आवरतं घेई, विरली की वाढवी. माणूस काठावर राही. पालवी फुटे, स्वप्न पडत नसे. केंद्रातल्या सिस्टर त्या यंत्राला नुसतं 'काठ' म्हणत.

पण प्रत्येकाचा काठ निराळा. तो कुठे आहे हे कळण्यासाठी यंत्राला एकदा तो ओलांडावाच लागे. त्या एका वेळी माणूस खोलात उतरायचा. तीच ओळखीची मात्रा.

त्या मात्रेत उज्ज्वलाला काय दिसलं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती कुठल्याशा घाटावर होती. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. तिच्यापुढे, थोडं खाली, शिवांजली पाठमोरी बसली होती. केस मोकळे, ओले, कमरेपर्यंत आलेले. ती भाजलेल्या शेंगा फोडत होती. मागे न बघताच तिने हात मागे केला आणि उज्ज्वलाच्या तळव्यावर दाणे ठेवले. मग त्यातला एक उचलून पाण्यात भिरकावला. "हा नको खाऊ मम्मी, खवट आहे," ती म्हणाली.

एवढंच. सिस्टरने डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा उज्ज्वलाचा उजवा हात मांडीवर उघडा होता आणि बोटं जराशी वळलेली होती. "काही हवंय का?" सिस्टरने विचारलं. उज्ज्वलाने मान हलवली आणि हात मिटून घेतला.

काठावरची सलाईन सुरू झाली. ती खरोखरच तशी होती, जशी डॉक्टरांनी सांगितली होती. डोळे मिटले तर नुसता अंधार. एसीचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी मोबाईलवर वाजणारं भजन, सिस्टरच्या चपला. ती डोळे घट्ट मिटून वाट बघायची. घाट येत नसे.

पण शरीरात दुसरंच काही चाललं होतं. एका सकाळी शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि तिला भूक लागली. पुढे एकदा ती संध्याकाळी पोळ्या करत होती आणि वीरेश बाहेर बातम्या बघत होता. पुराची बातमी देणारी मुलगी म्हणाली, कोयना सांगलीजवळ कृष्णेला मिळते.

"कराडला!" उज्ज्वला आतून ओरडली. "सांगलीला म्हणे! शाळेत गेली होती की नाही कोण जाणे."

बाहेर एकदम शांतता पसरली. वीरेशने आवाज बंद केला असावा. मग तो उठून न्हाणीघरात गेल्याचं तिला ऐकू आलं. बराच वेळ नळ नुसता वाहत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "साबण गेला डोळ्यांत," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भूक आली, चव आली, आणि त्यांच्या मागोमाग शिवांजलीची आठवण आली. एवढी वर्षं ती जणू दुसऱ्याच्या घरात घडलेली गोष्ट होती. आता ती पोटात कळ यावी तशी येऊ लागली. दोरीवरचे कपडे काढताना, दारावरची कडी लावताना, कधीही. ही कळ सोसवेना तेव्हा उज्ज्वलाला घाट आठवे. तळव्यावरचे दाणे आठवत. पोरगी आहे तिथे, पलीकडे बसली आहे, आणि हे लोक मला काठावर बांधून ठेवतायत, असं तिला वाटे.

सहावं सलाईन झालं. डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, "कसं वाटतंय?"

केंद्राचा नियम तिने सिस्टरकडून काढून घेतला होता. काठावर गुण आला नाही, तरच खोल मात्रा.

"काही फरक नाही," उज्ज्वला म्हणाली.

वीरेश खुर्चीतून उठलाच. "अगं, असं काय! परवा तू बातम्यांवर..."

"तुम्हाला वाटतं तसं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला वाटावं म्हणून बोलते मी कधीकधी."

त्याचा चेहरा पडला. तो खाली बसला.

डॉक्टर पडद्यावरची मेंदूच्या लयीची रेघ बघत राहिल्या. "यंत्र म्हणतंय, पालवी धरलीय. पण यंत्राला मेंदू दिसतो, माणूस कसा आहे ते दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं. तुम्ही नाही म्हणताय तर आराखडा बदलू. खोल मात्रा, पंधरवड्यातून एक, तीही मोजकी. लघवीच्या पिशवीला त्रास होऊ शकतो, औषधाची ओढ लागू शकते. आणि आणखी एक, ताई, नीट ऐका. मेंदू मऊ असताना जे दिसतं त्याचा ठसा खऱ्या आठवणींवर उमटू शकतो. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी बाहेर काढली की ती ओली होते आणि पुन्हा सुकते. सुकताना जवळ जे असेल ते तिला चिकटतं."

"बरं," उज्ज्वला म्हणाली. पंधरवडा कधी भरतो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग तिचं एक विचित्र आयुष्य सुरू झालं. वीरेश दुकानात गेला की ती पदर खोचून घर झाडून काढी, पेपर वाचून त्यातल्या चुकांवर स्वतःशी चरफडे, गच्चीत येरझाऱ्या घाली. फाटकाचा आवाज आला की पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडे. आमटीत मीठ घालायचं नाही हे तिला आता आठवणीने करावं लागे. वीरेश ती अळणी आमटी मुकाट्याने जेवे. एकदा घास हातात तसाच धरून तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या ओठांवर खरं आलं होतं. पण घाट आठवला आणि तिने मान खाली घातली.

दर पंधरवड्याला ती खोलात उतरे. शिवांजली तिथेच असे. कधी केस विंचरत, कधी पाण्यात पाय सोडून. एकदा ती वळून हसली. एकदा म्हणाली, "जरा इकडे सरक मम्मी, सावलीत." उज्ज्वला सरकली आणि पोरीचा दंड तिच्या दंडाला लागला. त्या दिवशी पट्टी काढल्यावर ती एवढी रडली की सिस्टर घाबरली. बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला वीरेश धावत आला. "त्रास झाला का? बंद करायला सांगू का?" तो विचारत राहिला.

"नको," ती म्हणाली. "बंद नको."

एके दिवशी दुपारी वीरेश मोटारी तपासायचा विसरलेला मीटर न्यायला घरी आला. फाटक उघडंच होतं, त्यामुळे वाजलं नाही. उज्ज्वला अंगणात उकिडवी बसून शेजारच्या हारगेवहिनींना खडूने फरशीवर नकाशा काढून दाखवत होती. नवा रस्ता नदीच्या कुठल्या अंगाने जाणार यावरून दोघींची जुंपली होती. "वहिनी, तुम्ही सूर्य पश्चिमेला उगवायला लावताय!" असं म्हणून उज्ज्वला खळखळून हसली, आणि हसता हसता तिला फाटकात उभा असलेला नवरा दिसला.

हारगेवहिनी उठून गेल्या. वीरेश आत आला, ओट्याच्या कडेला बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बरी आहेस ना तू?"

तिने हातातला खडू फरशीवर ठेवला.

"कधीपासून?"

"सलाईन संपायच्या आधीपासून."

"मग मला का... अळणी जेवलो की मी, उज्ज्वला. रोज. वाटायचं, कुठे कमी पडतोय आपण." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "का असं?"

"खोल मात्रेत मला शिवू दिसते," ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनी ते नाव त्या घरात मोठ्याने उच्चारलं गेलं. वीरेशने टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"आणि तू एकटीच तिला भेटत राहिलीस?" तो म्हणाला. "मी बाहेर बसलेलो असायचो गं. त्याच दाराच्या बाहेर."

उज्ज्वलाने बोटांना लागलेला खडू पदराला पुसला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. मग त्याने विचारलं, "कशी आहे?"

ती सांगू लागली. घाट, शेंगा, खवट दाणा. तो अगदी लहान मुलासारखा ऐकत होता. मध्येच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कमरेपर्यंत केस?"

"हो. होतेच ना लांब. शेवटपर्यंत होते."

"अगं, कापले होते की तिने. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी. इथपर्यंत." त्याने हात मानेजवळ नेला. "केवढं भांडण झालं होतं तुमचं! दोन दिवस बोलली नव्हतीस तू तिच्याशी."

"काहीतरीच काय! मी कशाला भांडेन?" ती ताडकन म्हणाली. "तुम्ही विसरलात."

त्याने वाद घातला नाही. खिशातून फोन काढला, बराच मागे गेला आणि तिच्यापुढे धरला. या फोटोंकडे तो एकटाच बघत असावा, कारण शोधायला त्याला वेळ लागला नाही. फोटोत मानेपर्यंत कापलेल्या केसांची एक मुलगी जीभ बाहेर काढून हसत होती. तिच्यामागे उज्ज्वला होती, गाल फुगवलेली.

उज्ज्वलाने तो फोटो जवळ धरला, लांब धरला. भांडण आठवून पाहिलं. त्या दिवशी काय शिजवलं होतं, पोरगी कुठल्या दाराने आत आली, ती स्वतः काय बोलली. काहीच मिळेना. त्या जागी घाट होता, ऊन होतं आणि लांब ओले केस होते. फोटोतली मुलगी तिला गोड वाटली, जशी कुणाचीही मुलगी गोड वाटते.

"अहो," ती म्हणाली. "ही मला ओळखू येत नाहीये."

पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. उज्ज्वला खोटं बोलली होती हे ऐकून डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "रेघ सांगत होती मला. मी रेघेचं ऐकायला हवं होतं, का तुमचं, हे मला अजून कळत नाही," त्या म्हणाल्या.

"गेलेलं परत येईल?" उज्ज्वलाने विचारलं.

"यंत्राने नाही येणार. खोलात जे दिसतं ते तुमच्याच आठवणींचं बनलेलं असतं, ताई. मेंदू त्यातून एक मुलगी घडवतो, आणि घडवताना खऱ्या मुलीतलं थोडं थोडं खर्ची घालतो. अजून दोनचार वेळा गेलात तर बहुतेक तीच एक उरेल."

"पण मला तिची एवढी आठवण येते, ते? तो आजार नाही?"

"आजारात तर यायची नाही ना?"

उज्ज्वलाने नकारार्थी मान हलवली.

"तेव्हा काहीच वाटत नव्हतं तुम्हाला. ते आपण घालवलं. आता जे वाटतंय त्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं." डॉक्टरांनी आराखडा पुन्हा उघडला. "आज खोल मात्रा ठरलेली आहे. ती बदलून काठावर आणता येईल, मग महिन्याने एक, मग बंद. की आहे तसंच चालू ठेवायचं? वाईट काय ते सांगून झालं माझं. ठरवायचं तुम्ही."

उज्ज्वलाने पिशवी वीरेशच्या हातात दिली. ती खुर्चीत जाऊन पडली. सिस्टरने टोपी चढवली, सुई टोचली, पट्टा दंडाला आवळला. पट्टी बांधायच्या आधी उत्तरासाठी डॉक्टर तिच्यावर वाकल्या.

उज्ज्वलाला माहीत होतं, 'खोल' एवढा एक शब्द बोललं की झालं. ती तिथे आहे, पायरीवर, सावलीत जागा करून बसलेली. ती खोटी असेल. पण तिने दाणे दिले होते, दंडाला दंड लावला होता, आणि आज तिथे कुणी गेलं नाही तर ती बसून राहील आणि मग पायरीसकट नाहीशी होईल. दुसऱ्यांदा तिला सोडून यायचं, आणि या खेपेला आपण होऊन.

"काठावरच ठेवा," ती म्हणाली.

पाऊण तास ती जागी होती. दाराबाहेर वीरेश खोकल्याचं तिला ऐकू आलं. कुणीतरी त्याला पाणी हवं का विचारलं, तो नको म्हणाला. पट्टीच्या आत तिचे डोळे वाहत होते. ती शिवांजलीला हाका मारत नव्हती. तिला फक्त ती हवी होती, केस कसेही असोत, भांडणारी असो, कशीही. एवढं कुणी हवंसं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेर आली तेव्हा वीरेश बाकावर नव्हता. तो डॉक्टरांच्या खोलीतून येत होता, मान खाली घालून. बाकावर बसताच त्याने हळू आवाजात विचारलं, "काय सांगायचं असतं गं त्यांना?"

"कशाचं?"

"आजारी आहे म्हणायला. मी विचारलं डॉक्टरबाईंना, मलाही एकदा ती ओळखीची मात्रा द्या. झोप येते का, भूक लागते का, कामात लक्ष लागतं का, सगळं विचारलं त्यांनी. मी आपलं खरं खरं सांगत बसलो. मग म्हणाल्या, दादा, तुम्ही आजारी नाही, तुम्ही दुःखात आहात, आणि हे औषध दुःखाचं नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कुणासमोर एकदाही न फुटलेला तो माणूस आता फुटायच्या बेतात होता. "तुला जमलं ना? मग मला शिकव. भिंतीकडे तोंड करून पडायचं, अजून काय? एकदाच, उज्ज्वला. एकदाच बघून येतो. मीही बापच आहे तिचा."

त्याला शिकवणं सोपं होतं. तो तिला भेटून येईल, परत येऊन सांगेल, मग दोघांनाही तीच एक मुलगी ठाऊक असेल आणि भांडायचं कारण उरणार नाही.

"नाही शिकवणार," ती म्हणाली.

"उज्ज्वला..."

"नाही. रागवा माझ्यावर, पण नाही." तिने त्याचा हात धरला. तारांनी चिरा पडलेली बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत घेतली. "माझ्याकडची मी भिजवून टाकली. तुमच्याकडची आहे तशी राहू दे. आता फक्त तुमच्याकडेच आहे ती."

वीरेश रडला. हमसून, सगळ्यांदेखत, पिशवी छातीशी धरून. एक सिस्टर थांबली, उज्ज्वलाने तिला हातानेच जायला सांगितलं. त्याला रडू दिलं. मग पदराने त्याचं तोंड पुसलं.

"केस कापले त्या दिवशीचं सांगा मला," ती म्हणाली.

त्याने नाक पुसलं. "आधी दुकानातच आली होती ती. तुला हे कधी कळलंच नाही. पार्लरमधून थेट. तुझी भीती वाटत होती ना! स्टुलावर बसली, म्हणाली, पप्पा, तुम्ही आधी घरी जा आणि मम्मीला सांगा. मी म्हटलं, वेडी आहेस का, मला मारायचंय का. मग बराच वेळ माझ्याबरोबर तार गुंडाळत बसली. वाकडीतिकडी. ती गुंडाळी नंतर उलगडावी लागली मला."

"मग?"

"मग म्हणाली, पप्पा, मम्मी चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. मला तेवढं एक बघायचंय, मग मार खाल्ला तरी चालेल."

उज्ज्वलाला हसू आलं आणि त्याच श्वासात हुंदकाही. तिने नाकाला हात लावला. "झाला होता का लाल?"

"मी दारामागे उभा होतो," वीरेश म्हणाला. "झाला होता की. टोमॅटोसारखा."

बाकावर बसायला म्हणून एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं. दोघं सरकून बसली, जागा करून दिली. "आणि तिने मला डोळा मारला," वीरेश पुढे सांगू लागला. "तू ओरडत होतीस ना, तेव्हा तुझ्या पाठीमागून..."